हो, भिशीच! (एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

डॉक्टरसाहेब,

टाइप वन मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते रोज टोचावं लागतं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. 'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिता, ३५ वर्षं प्रॅक्टिस केली असं सांगता, म्हणून डॉक्टरसाहेब म्हणते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अशा गटांवर अर्धवट ज्ञानाचे सल्ले चालतात, उद्या कुणी इन्सुलिन बंद करा म्हणालं तर पोर जिवाला मुकेल, औषध कंपन्यांची माणसं गुपचूप शिरतात, ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे धड फोन नसतो, मी इन्सुलिनच्या शोधाचं साल चुकवलं, आणि शेवटी हे वाक्य: "अहो बाई, उपचार दवाखान्यात होतात, बायकांच्या भिशीत नाही."

आधी सालाचं. मान्य, चुकलंच. शोध १९२१चा, टोरांटोतला, बँटिंग आणि बेस्ट यांचा. मी १९२२ लिहिलं होतं. लेखात दुरुस्त केलंय, आभार. पण माणसाला पहिल्यांदा टोचलं ते जानेवारी १९२२मध्येच, लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला. त्या पहिल्या इंजेक्शनचा उपयोग झाला नाही, उलट रिअ‍ॅक्शन आली. मग त्यांच्या कॉलिप नावाच्या सहकाऱ्याने औषध जास्त शुद्ध केलं, बारा दिवसांनी पुन्हा टोचलं, तेव्हा पोरगा सावरला. माझ्यासारख्या आईला १९२२ लक्षात राहतं ते का, हे आता कळलं असेल.

आता 'अहो बाई'. लेखाच्या वर माझं नाव मोठ्या अक्षरांत आहे. मतभेद असू द्या, माझ्या सासऱ्यांशीही होते, पण त्यांनी कधी 'अहो बाई' केलं नाही. याच लेखाखाली एका गृहस्थांनी तुमच्यापेक्षा कडक लिहिलंय, पण मुद्द्याला धरून. त्यांना मी दोन ओळींत उत्तर दिलं. तुम्हाला एवढं लांबण लावावं लागतंय ते त्या शेवटच्या वाक्यामुळे.

भिशी तुम्ही हिणवायला म्हणालात. तुमच्या घरातल्या कुणी भिशी लावली नसेल, नाहीतर इतक्या सहज बोलला नसता. आमच्या सांगलीत आम्ही बाराजणी होतो. दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचं आणि एकीने उचलायचं, बाकीच्यांनी आपापल्या पाळीची वाट बघायची. कुणाचं हप्ता चुकवून पळून जाणं नाही, कागद नाही, जामीन नाही. पोरीच्या दंडावरचा, साखर सतत मोजणारा पहिला सेन्सर त्याच पैशांतून आला. एक सेन्सर चौदा दिवस चालतो, मग नवा. तुम्हाला हे ठाऊक असेलच, पण चौदाव्या दिवशी घरात काय हिशेब चालतो ते ठाऊक नसेल.

२०१७च्या एप्रिलमध्ये माझी मुलगी सात वर्षांची होती. तांब्यातांब्याने पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायला लागली, महिन्यात गालफडं बसली. एका दवाखान्यात 'उन्हाळा आहे' म्हणाले, दुसऱ्यात जंताचं औषध मिळालं. शेवटी शेजारच्या आजोबांच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचलं तर आकडा येईना, 'एच आय' अशी दोन अक्षरं. माझे यजमान म्हणाले मशीन बिघडलंय. मशीन बिघडलं नव्हतं, साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती. पुढचे पाच दिवस आयसीयू. ते डॉक्टर देवमाणूस, त्यांना आजही मी नमस्कार करते. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी आम्हाला वीस मिनिटं दिली, बाहेर रांग होती. त्या वीस मिनिटांत मी काय शिकले? टोचायचं कसं, आणि रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली तर साखर खायला द्यायची. बस्स.

तीन महिन्यांनी इन्सुलिन बदललं. चिठ्ठीवर नवं औषध लिहिलं होतं, सिरिंज लिहायची राहिली. मेडिकलवाल्यानेही विचारलं नाही. घरी जुन्या सिरिंजा होत्याच. रात्री जेवणाआधी मी गटावर फोटो टाकला, विचारायचं होतं भलतंच: फ्रीजमधून काढल्यावर बाटलीवर पाणी सुटतं, ते चालतं का? ताटलीत बाटली आणि शेजारी भरलेली सिरिंज. सोलापूरच्या एका ताईंचा मिनिटभरात फोन. "ताई, टोचू नका. टोपण लाल आहे."

वाचकांसाठी सांगते, डॉक्टरांना सांगायची गरज नाही. आपल्याकडे चाळीसची आणि शंभरची (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये तेवढे युनिट) अशी दोन ताकदींची इन्सुलिन मिळतात. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचं नारिंगी. शंभरची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज एकत्र आली की प्रत्येक रेघेला अडीचपट औषध जातं. मी आठ युनिट भरले होते. म्हणजे वीस. सात वर्षांच्या पोरीला, झोपायच्या आधी.

त्या ताई दहावी शिकलेल्या, शिवणकाम करतात. अर्धवट ज्ञान म्हणा हवं तर. त्या रात्री चिठ्ठी लिहिणाऱ्याचं पूर्ण ज्ञान घरी झोपलं होतं. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, वीज नाही, फ्रीज बंद. उघडलेली बाटली बाहेर साधारण चार आठवडे टिकते, पण आमची संपत आलेली, आणि न उघडलेल्या गार ठेवायच्या. जळगावच्या एका बाबांनी व्हॉइस मेसेजवर समजावलं: मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं मडकं ठेवा, मधे ओली वाळू, वरून ओलं फडकं. पुरात वाळू कुठली, म्हणून मी कुंडीतली माती वापरली. तिसऱ्या दिवशी मिरजेहून दोन बाटल्या आल्या, थर्मासमध्ये, बचावाच्या बोटीतून. पाठवणाऱ्या बाईंना मी तोवर भेटलेही नव्हते. भिशी म्हणालात ना? त्या महिन्याची मी उचलली.

आणि ज्ञान फक्त दवाखान्यातून खाली येतं, हेही मला पटत नाही. २०१३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या बापाने शाळेत गेलेल्या आपल्या मुलाच्या सेन्सरचा आकडा स्वतःच्या फोनवर दिसेल अशी सोय घरच्या घरी केली. डॉक्टर नव्हता, प्रोग्राम लिहिणारा होता. त्यातून पुढे सेन्सरचा आकडा दुरून दाखवणारं 'नाइटस्काउट' उभं राहिलं, जगभरच्या आईबापांनी फेसबुक गटावर एकमेकांना ते बसवून दिलं. कंपन्यांनी अशी सोय सर्रास द्यायच्या आधी. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' हे त्यांचं घोषवाक्य.

उरलेले मुद्दे. कंपन्यांची माणसं: असतात, ओळखू येतात, काढतो. फोन नसलेले लोक: खरं आहे, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. इन्सुलिन बंद करा म्हणणारे: जांभळाच्या बियांची पावडर विकणारा एकजण गटात दोन दिवस होता, तिसऱ्या दिवशी ॲडमिनने काढला. त्या दोन दिवसांत एका घरात काय झालं, ते तुमच्या कानावर आलं असेल तर असेल. मुलगा वाचला. चार दिवस आयसीयूत होता. त्याची आई अजून गटात आहे आणि नव्या लोकांना सगळ्यात आधी तीच गाठते. यावर मी जास्त लिहिणार नाही.

तुम्ही ३५ वर्षांत रात्री अडीचला किती आयांचे फोन उचललेत, हे विचारणार होते. उचलले असतीलही, माझी माहिती नाही, तेव्हा शब्द मागे घेते.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, खाली तशीच आहे. 'बाई' तेवढं दुरुस्त केलंत तर बरं, नाही केलंत तरी चालेल. पोरीची जेवणाची वेळ झालीय. आता ती स्वतःच टोचून घेते, घरात नारिंगी टोपणाचीच सिरिंज असते, तरी मी जाऊन बघते.