सही करता, तसं प्रकरणही वाचा!

पीएचडीच्या गाईडचं पहिलं काम म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेलं वाचणं. संदर्भ सुचवणं, ओळखी करून देणं, धीर देणं, परिषदेला पाठवणं, हे सगळं चांगलंच आहे, पण त्यानंतरचं. लिहिलेलं वाचतच नसाल तर गाईड कशाचे? इतकी साधी गोष्ट आपल्या विद्यापीठांत अजून सांगावी लागते, याचा मला भयंकर संताप येतो.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेल्या सेमिस्टरपासून सरांच्या टेबलावर पडून आहे. स्क्रीनवर वाचवत नाही म्हणाले, म्हणून प्रिंट काढून, स्पायरल करून दिलं. अधूनमधून विचारते. "बघतो गं." "नॅकचं काम चालू आहे." (नॅक म्हणजे विद्यापीठ-कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था.) "पेपर तपासणी संपू दे." मागच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, "एकदा मेल करून ठेव ना." म्हणजे ते स्पायरल कुठे गेलं हेही त्यांना ठाऊक नाही! मी तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तास, दुपारी ग्रंथालय, रात्री घरचं आवरून लिखाण, असं करत ती पानं लिहिली आहेत. ऊसतोडीच्या फडाशेजारी कोपीत बसून बायकांच्या मुलाखती घेतल्यात. पहाटेपासून मोळ्या बांधून दमलेल्या त्या बायकांनी माझ्यासाठी वेळ काढला, नको नको ते आठवून सांगितलं. ते सगळं त्या पानांत आहे. ते न वाचता कुठेतरी टाकून देणं हा माझ्याइतकाच त्यांचाही अपमान आहे.

सही मात्र वेळेवर होते. सहामाही प्रगती अहवालावर "प्रगती समाधानकारक" असं लिहून खाली सही आणि शिक्का. एक ओळ वाचलेली नाही आणि प्रगती समाधानकारक!

नियम नाहीत असं कुणी सांगू नका. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, ७ नोव्हेंबर २०२२ चे पीएचडी विनियम उघडून बघा. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती हवी, विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला तिच्यासमोर कामाचं सादरीकरण करायचं, समितीने पुढची दिशा सांगायची. आमच्याकडे कागदावर सगळ्या सदस्यांच्या सह्या असतात आणि समोर बसलेले असतात एकटे गाईड, तेही फोनवर बोलत. बाकीच्यांच्या सह्या मागाहून शिपाई फाईल फिरवून आणतो. ज्या समितीने गाईडवर लक्ष ठेवायचं, ती गाईडच्याच सोयीने कागदावर भरते. मग तक्रार सांगायची कुणाला?

त्याच विनियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी अशी मर्यादा आहे. ती कशासाठी घातली? प्रत्येकाच्या वाट्याला गाईडचा वेळ यावा म्हणूनच ना? पण त्या वेळेचा हिशोब कुणीच मागत नाही. जागा भरल्या की नाही एवढंच विचारलं जातं. गाईड म्हणून मान्यता देतानाही स्वतःची पीएचडी आणि छापलेले शोधनिबंध मोजतात, सहायक प्राध्यापकाला किमान ३, वरच्यांना ५. दुसऱ्याचं कच्चं लिखाण कसं वाचायचं, त्यावर काय आणि कसं बोलायचं, अडकलेल्या विद्यार्थ्याला वाट कशी दाखवायची, हे कुणी शिकवत नाही आणि तपासतही नाही. स्वतःच्या गाईडने जसं छळलं तसंच पुढच्या पिढीला छळायचं, एवढंच शिक्षण त्यांच्या गाठीशी असतं. पदोन्नतीचे गुण बघा. २०१८ च्या यूजीसी विनियमांनुसार विद्यार्थ्याचा प्रबंध सादर झाला की गाईडला ५ आणि पदवी मिळाली की १० गुण. आणि महिन्याच्या आत प्रकरण वाचून टिपणांसह परत दिल्याबद्दल? एकही नाही. मग वाचेल कोण?

न वाचण्यापेक्षाही वाईट काय, तर चार वर्षं काही न वाचता प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाच्या, तोंडावर सगळं एकदम वाचणं. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या गाईडने तेव्हा सांगितलं, "अगं, याची मांडणीच चुकली आहे, दुसऱ्या प्रकरणापासून बदल." दुसरं प्रकरण त्यांच्याकडे कधीपासून होतं! ती घरी जाऊन रडली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसली, कारण दुसरा इलाजच नव्हता. वर ऐकवतात की मुदत आहे ना अजून. हो, सहा वर्षं आहेत, पुढे दोन वाढवून मिळतात, बायकांना आणखी दोन. पण नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफची फेलोशिप पाच वर्षांत संपते. घरभाडं, फील्डवर्कचा एसटीचा खर्च, मुलाची फी, हे सगळं त्यानंतर कुठून आणायचं? बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलं उन्हात उपोषणाला बसतात, आणि भांडून मिळवलेला तो पैसा गाईडने वाचण्याची वाट बघण्यात संपतो.

"विद्यार्थीच कच्चे असतात, इकडून तिकडून उचलतात," हे उत्तर मला तोंडपाठ झालंय. असतील कच्चे. म्हणूनच तर गाईड दिलाय! उचललेलं सॉफ्टवेअर पकडतं, दहा टक्क्यांच्या वर साम्य निघालं की प्रबंध परत येतो. पण युक्तिवाद कुठे ढासळतोय, मुलाखतींतून काढलेला निष्कर्ष त्या मुलाखतींवर टिकतो की नाही, हे कोणतं सॉफ्टवेअर सांगणार? ते माणसानेच वाचावं लागतं, आणि लवकर वाचावं लागतं.

गाईड आमच्याकडून करून घेतात त्या वरकामांबद्दल तर बोलूच नये. नॅकच्या फायली लावा, पेपर तपासायला मदत करा, मुलीचा प्रोजेक्ट टाईप करून द्या, बँकेत जाऊन या. हे सगळं सांगायला त्यांना वेळ कसा असतो? आणि शोधनिबंध विद्यार्थ्याने लिहायचा, त्यावर पहिलं नाव मात्र गाईडचं.

हे असंच असतं, असं मात्र मी मान्य करणार नाही, कारण चांगलं काम मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक मॅडम आहेत. महिन्याची भेट ठरलेली, विभागातच, दिवसा, दार उघडं ठेवून. प्रकरण दिलं की तीन आठवड्यांत परत, समासात पेन्सिलीने प्रश्न: "हे कशावरून?", "इथे त्या बाईचेच शब्द का नाही दिलेस?" भेटीनंतर विद्यार्थ्याने काय ठरलं ते चार ओळींत मेल करायचं, मॅडम त्यावर दुरुस्ती करून होकार कळवतात. त्यामुळे पुढे "मी असं कधी म्हटलं होतं?" हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांनाही नॅक आहे, त्यांनाही पेपर तपासणी आहे. त्यांच्याकडची मुलं भांडतात, वाद घालतात, आणि वेळेत प्रबंध देतात. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

आम्ही बोलत का नाही, हेही सांगते. फेलोशिपच्या कागदावर त्यांची सही, मुदतवाढीच्या अर्जावर त्यांची सही, प्रबंधाच्या सारांशावर, म्हणजे सिनॉप्सिसवर, त्यांची सही. गाईड बदलायचा म्हटलं तर आमच्याकडे ना-हरकत पत्र त्याच गाईडकडून आणायला सांगतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी! आणि उद्या प्राध्यापक पदाच्या मुलाखतीला गेलं की समोर त्यांचेच मित्र बसलेले असणार, हे प्रत्येकाला माहीत असतं.

विद्यापीठाला खरंच काही करायचं असेल तर प्रगती अहवालाच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: विद्यार्थ्याने लिखाण कधी दिलं आणि गाईडने वाचून, टिपणं लिहून ते कधी परत केलं. ज्यांचा दुसरा रकाना वर्षभर रिकामा राहील त्यांना नवीन विद्यार्थी देऊ नका, आणि आहेत त्यांना ना-हरकत पत्राशिवाय गाईड बदलू द्या. आणि तो फॉर्म गाईडच्या हातून नको, विद्यार्थ्याकडून थेट पीएचडी विभागात जाऊ द्या, नाहीतर त्या तारखाही मागाहून भरल्या जातील.