गुणपत्रिका बघून मेंटर नेमू नका

ग्रंथालयात इतर विद्यार्थ्यांना पुस्तकं-लेख शोधायला मदत करणाऱ्या विद्यार्थी-मेंटरच्या नेमणुकीसाठी एका लेखात परीक्षेतल्या गुणांची अट सुचवली आहे, ती पटली नाही. या कामात आधी ऐकून घेता यावं लागतं. ‘अर्थशास्त्राची पुस्तकं कुठे?’ असं विचारणाऱ्याला बहुतेकदा हवा असतो एका निबंधापुरता एखादा लेख. म्हणून कपाटाकडे बोट दाखवण्याआधी विषय काय, किती पानांचं लिहायचंय, कधी द्यायचंय, हे विचारायचं.

लेख शोधायच्या डेटाबेसमध्ये मुलं अख्खं वाक्य टाकतात आणि उत्तर शून्य येतं. त्यातून दोन-तीन मुख्य कल्पना वेगळ्या काढायच्या, समानार्थी शब्द ‘ऑर’ने (OR, यातला कुठलाही चालेल) आणि वेगळ्या कल्पना ‘अँड’ने (AND, सगळ्या हव्यात) जोडायच्या. एक बरा लेख सापडला की डेटाबेसने त्याला दिलेले विषय-शब्द उचलायचे आणि संदर्भसूची चाळायची. यात कीबोर्ड मात्र विचारणाऱ्याच्याच हातात हवा! नवे मेंटर घाईत तो स्वतःकडे ओढतात, काम पटकन होतं, आणि तोच मुलगा पुढच्या वेळी तोच प्रश्न घेऊन येतो.

कपाटापाशी हमखास होणारा घोळ दशांशाचा. ड्यूई क्रमात, म्हणजे विषयानुसार आकडे देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, 330.15 हे 330.9 च्या आधी येतं. मुलं नवापेक्षा पंधरा मोठे समजून पुढे शोधतात आणि ‘पुस्तक जागेवर नाही’ म्हणून परततात.

हद्दही आधीच ठरवा. संदर्भ कसा लिहायचा ते दाखवावं, निबंध दुरुस्त करून देऊ नये. प्रबंधाचा सखोल शोध, कॉपीराइटचे प्रश्न थेट ग्रंथपालांकडे. प्रश्नांची नोंद ठेवा, पण विचारणाऱ्याच्या नावाशिवाय.