सव्वीस जुलैला वाहून गेलेली मार्कशीट आणि काकांचा फॉरवर्ड

मंगळवारी काकांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तीन सूर्यफुलं, खाली 'जास्तीत जास्त पाठवा'. मजकूर असा, की नोकरीसाठी दहावी-बारावीच्या मार्कशीट मागितल्या तर हल्ली लोक रडतात. पण एक, मार्कांवरून माणसाची शिस्त कळते. दोन, खोटी माणसं तिथेच पकडली जातात. तीन, नियम सगळ्यांना सारखा. चार, जगातल्या मोठ्या कंपन्या हेच करतात. आणि पाच, ज्याला स्वतःची मार्कशीट सांभाळता आली नाही, तो कंपनीचे कागद काय सांभाळणार?

एरवी मी अंगठा टाकून पुढे गेलो असतो. पण आदल्याच आठवड्यात माझ्या ताईला लोअर परळच्या एका कंपनीने दोन मुलाखती झाल्यावर याच कारणाने थांबवलंय. ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे, तेवीस वर्षं अकाउंट्स बघतेय. तिने विक्रीकराचे हिशोब केले, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तो निभावला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर महिनाभर ती घरी फक्त झोपायला यायची. त्यांना हवे होते १९९५ सालचे दहावीचे टक्के.

पाचव्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण डोकं तिथे फिरलं.

काका, तुम्हाला कुर्ल्याची आमची खोली आठवते ना? तळमजला, मिठी नदी हाकेच्या अंतरावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या खोलीत छातीभर पाणी आलं. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, बाबांची गिरणीतली कागदपत्रं होती आणि ताईच्या मार्कशीट. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत नुसता लगदा होता. ताई मात्र रात्रभर साकीनाक्याच्या ऑफिसात अडकलेली. पाणी गाळ्यात शिरायला लागलं तेव्हा ती आणि शिपाई, दोघांनी व्हाउचरच्या फायली माळ्यावर चढवल्या. ज्या भिजल्याच, त्यांचे कागद वीज आल्यावर दोरीला चिमटे लावून पंख्याखाली वाळवले, आठ दिवस. कंपनीचे कागद वाचले, स्वतःचे गेले. तुमच्या मेसेजात हे नेमकं उलटं लिहिलंय.

पुढे तिने शाळेत खेटे घातले, वाशीच्या विभागीय मंडळातून दुय्यम प्रत काढली. ती दिली तर लोअर परळच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "ही डुप्लिकेट आहे, ओरिजिनल लागेल." ओरिजिनल मिठीत गेलं असं सांगितल्यावर उत्तर आलं, "मग सिस्टिममध्ये फॉर्म पुढे जात नाही." ज्या मंडळाने मूळ कागद दिला त्याच मंडळाने शिक्का मारून पुन्हा दिलेला कागद चालत नाही! टक्के तेच, नाव तेच. मग नक्की काय तपासायचं होतं?

आता शिस्त. इथे थोडं मान्य करतो, नाइलाजाने. नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाबद्दल मार्क काहीतरी सांगतात. फिलिप रॉथ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'त या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले होते. मार्क आणि कामाचा दर्जा यांचा संबंध निघाला, पण मार्क मिळाल्यावर जितकी वर्षं लोटतात तितका तो विरळ होतो. इथे तीस वर्षं लोटलीत.

शिवाय मार्क म्हणजे कुठल्या सालचे? आपल्या मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१० आणि २०२० ला ९५.३०. २०१९ च्या बॅचची शिस्त बिघडली होती का? नाही, त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस-वीस मार्क काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आणले. २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. आणि 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सर्वाधिक मार्कांच्या पाचच विषयांवरून टक्के काढणं, आलं २०१० ला. ताईच्या वेळी गणितात आपटलं की टक्केवारीही आपटायची. अशा वेगवेगळ्या सालांचे टक्के फॉर्मवरच्या एकाच चौकटीत भरायचे आणि साठ टक्क्यांची रेघ मारायची.

खोटी माणसं असतात, बनावट पदव्याही सापडतात, ते खरंय. पण खरंच काम केलं का, हे पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, बरंचसं दिसतं. कुठल्या कंपनीत, कधीपासून कधीपर्यंत. जन्मतारखेच्या पुराव्याचं म्हणाल तर तेही ठीक, पीएफवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठीच्या पुराव्यांतून आधार वगळलं होतं. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते. त्याला भूगोलाचे मार्क लागत नाहीत.

नियम सगळ्यांना सारखा? त्याच कंपनीने नंतर ताईला विचारलं, पगारावर नको, सल्लागार म्हणून बिल लावून याल का? काम तेच, टेबलही बहुधा तेच. त्यासाठी पॅन आणि कॅन्सल केलेला चेक पुरणार होता.

मोठ्या कंपन्यांचं एका वाक्यात: गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ला सांगितलं होतं, की निवडीसाठी मार्क कुचकामी आहेत, अपवाद फक्त नुकत्याच पास झालेल्यांचा.

मेसेज काढा असं म्हणत नाही, काका. फक्त ताई त्या ग्रुपवर आहे आणि तिच्या निळ्या खुणा मंगळवारीच आल्यात.