ती यादी वेदीसमोर वाचू नका

गेल्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांची, बैठक झाली. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, जमलेल्या दानातून यादीतल्या गरजू कुटुंबांना शिधा द्यायचा, एवढाच विषय होता. एकाने सुचवलं की झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ही कुटुंबं पुढे बोलवावीत, नावं वाचावीत, फादरांच्या हस्ते पिशव्या द्याव्यात आणि फोटो ग्रुपवर टाकावेत. देणाऱ्यांना आपला पैसा कुठे गेला ते कळेल. बऱ्याच माना डोलल्या. मला तिथे बोलायला सुचलं नाही. घरी आल्यापासून चैन पडत नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

२०२० आठवा. प्रायश्चित्तकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार त्या वर्षी २६ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर १२ एप्रिलला. आमच्या वसईत प्रायश्चित्तकाळात लग्नं होत नाहीत. बँडवाले, मंडपवाले, जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका, फुलांची सजावट करणारी मुलं हे सगळे ते चाळीस दिवस हात बांधून बसतात आणि ईस्टरनंतरच्या लग्नांवर वर्षाचा हिशोब मांडतात. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा या घरांत महिनाभर पैसा आलेला नव्हता आणि पुढचे दोन महिने येणारही नव्हता. लोकल त्याआधीच थांबली होती. डोक्यावर टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी विकायला जाणाऱ्या आमच्या बायका घरी बसल्या. दादरच्या बाजारात जाणारा मोगरा आणि सोनचाफा झाडावरच सुकला. ही सगळी स्वतःचं घर असलेली, दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला येणारी माणसं. त्यांच्या चुलीत काय शिजतंय हे बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं.

आम्ही काय केलं? चर्चच्या फाटकाशी टेबल मांडलं. पाच किलो तांदूळ, पाच किलो पीठ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती, मीठ, मसाला, साबण. वहीत नाव, फोन नंबर आणि सही. चुन्याने आखलेल्या गोलांत लोक उभे राहिले. पिशव्या संपल्या तेव्हा आम्हाला वाटलं, झालं काम.

दोन-तीन दिवसांनी आमच्या आळीतल्या किराणा दुकानात गेले होते. शेठ मारवाडी आहेत, तीस वर्षं तिथे बसतात. ते म्हणाले, "मॅडम, उधारी मागतो त्याची काळजी करू नका, तो मागून खाईल. उधारी मागायचा बंद झाला त्याच्या घरी जा." मग हळूच तीन नावं सांगितली. तिन्ही आमच्या धर्मग्रामातली. एक तर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे काका, ज्यांनी माझ्या लग्नात वाजवलं होतं. ते टेबलापाशी आले नव्हते. कसे येतील? वाटप करणाऱ्यांत त्यांच्या भावकीतली दोन मुलं होती.

त्या संध्याकाळी आम्ही पद्धत बदलली. चर्चने शेठकडे थोडे पैसे जमा करून ठेवले. कुणाला काय हवं ते त्या घराने नेहमीसारखं दुकानातून न्यायचं, वहीवर लिहायचं, आणि ती वही चर्चने फेडायची. दुकानात मागे उभ्या असलेल्या माणसाला काहीच वेगळं दिसायचं नाही. कुणाच्या घरी दुधाची पावडर गेली, कुणाच्या घरी सॅनिटरी पॅड. या दोन्ही गोष्टी आमच्या टेबलावरच्या पिशवीत नव्हत्या आणि आमच्यापैकी कुणाला सुचल्याही नव्हत्या, मी बाई असून मलाही नाही. काकांच्या घरी पहिल्यांदा काय गेलं असेल? रक्तदाबाच्या गोळ्या. शेठनी शेजारच्या मेडिकलवाल्याला सांगून त्यांचे पैसे आमच्या खात्यात धरले.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं तर हे कितीतरी वर्षं करत आली आहेत. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, तेव्हापासून तिचा गाभा घरभेट हाच आहे. दोघांनी जायचं, बसायचं, विचारायचं, आणि पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. आमच्याकडे सोसायटीचे जे दोन-तीन म्हातारे सभासद आहेत त्यांनी फाटकाशी टेबल मांडू नका असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्हाला घाई होती. आम्ही ऐकलं नाही.

वसईच्या पूर्वेकडची गोष्ट वेगळीच. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या कारखान्यांच्या गाळ्यांत काम करणारी उत्तर प्रदेश-बिहारची मुलं एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण. केंद्राने एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य फुकट दिलं, पण ते रेशनकार्डावर, आणि यांची कार्डं गावी. आम्ही तांदूळ घेऊन गेलो. एक मुलगा पिशवी हातात घेऊन म्हणाला, "दीदी, गैस नहीं है." छोटा सिलिंडर किलोवर भरून आणायचे, आता त्याला पैसे नव्हते आणि भरणाराही दुकान बंद करून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून खिचडी शिजवून नेऊ लागलो. भाजी आमच्या शेतकऱ्यांनी दिली, जी एरवी मुंबईला गेली असती. दुधी, पालक, केळी. विकली जाईना तेव्हा बांधावर टाकण्याऐवजी टेम्पोत भरून चर्चच्या हॉलवर आणून ओतली. मे महिन्यात ही मुलं श्रमिक गाड्यांनी गेली. काही तर त्याआधीच महामार्गाने चालत निघाली होती.

त्याच खोल्यांत एकाने मला विचारलं होतं, बदल्यात काय करावं लागेल?

त्याने अगदी साधेपणाने विचारलं. मला मात्र ते लागलं. वसईच्या ख्रिस्ती माणसाला अन्न आणि धर्म यांची जोडी चांगलीच माहीत आहे. पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलेले बाटले असं ठरवून गावकीने आख्खं गाव वाळीत टाकलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दुष्काळात मिशनच्या अन्नावर जगलेल्यांना पोटासाठी बाटले म्हणून किती पिढ्या टोमणे खावे लागले! पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावात त्यांना निवारा आणि शिक्षण दिलं. त्या मुली जगल्या. तरी अन्न देऊन बाटवल्याचा रमाबाईंवरचा आरोप आजही पुसला गेलेला नाही. म्हणून आमच्यातल्या काहींनी पिशवीत प्रार्थनेचं कार्ड टाकू या म्हटलं तेव्हा फादरांनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. भुकेल्या माणसाच्या हातात पिशवीसोबत कार्ड दिलं तर ते नाकारायची मोकळीक त्याला कुठे उरते?

"आपली माणसं आधी" असंही काहीजण म्हणत होते. त्यांना मी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून दाखवला. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली, आणि प्रेषितांनी त्यासाठी सात माणसं नेमली. म्हणजे यादीतून कोण सुटलं हा प्रश्न चर्चइतकाच जुना आहे. सुटतो तो बहुधा वेगळी भाषा बोलणारा, भाड्याने राहणारा, किंवा लाजणारा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर धान्यापेक्षा कागद महत्त्वाचे ठरले. कोविडने माणूस गेलेल्या घरांना पन्नास हजारांची सरकारी मदत जाहीर झाली, पण नवरा गेलेल्या बायकांसाठी ऑनलाइन अर्ज, मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, हे करणार कोण? धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मोठ्या मुलांनी लॅपटॉप घेऊन घरोघरी बसून अर्ज भरले. एकीच्या नवऱ्याच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्यासाठी एक मुलगा चार वेळा कार्यालयात गेला. त्याचा फोटो कुठेच नाही.

आता रविवारच्या बैठकीबद्दल. देणाऱ्यांना हिशोब मिळायलाच हवा, यात वाद नाही. किती रुपये जमले, किती घरांना गेले, किती किलो धान्य, किती औषधं, किती शाळेची फी, सगळं फळ्यावर लावा, वेदीवरून वाचा, बिलं टेबलावर ठेवा. नावं मात्र फादर आणि घरी जाणारी दोन माणसं यांच्यापलीकडे जाता कामा नयेत.

त्या यादीत एका आईचं नाव आहे. तिची मुलगी माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आहे, या मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा सोहळा). पांढरा ड्रेस मावशीने शिवून दिलाय, तो तिने वर्गात आणून सगळ्या मैत्रिणींना दाखवला. त्याच मैत्रिणी झावळ्यांच्या रविवारी पुढच्या बाकांवर बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर त्या मुलीने आईबरोबर तांदळाची पिशवी घ्यायला पुढे यायचं? मी हे होऊ देणार नाही.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. काल दुकानात जाऊन आले. शेठ आता थकलेत, मुलगा गल्ल्यावर बसतो. पण मी विचारल्यावर त्यांनी आतून २०२० ची वही काढून आणली आणि म्हणाले, "खातं बंद कुठे केलं होतं?"