मिरर लावला की बॅकअप नको? तीन दावे, तीन हरकती

लिनक्सवर दोन डिस्कचा मिरर (तोच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवणारी मांडणी, म्हणजे रेडचाच एक प्रकार) लावायचा विषय निघाला की एक ठरीव सल्ला हमखास पुढे येतो: ‘सॉफ्टवेअर रेड मंद चालतो, रेडचं वेगळं हार्डवेअर कार्डच घ्या. मिरर लागला की बॅकअप नको. आणि एक डिस्क गेली तरी मशीन आपोआप सुरू होतं.’

मंदपणाचं आधी उरकून टाकू. मिररमध्ये पॅरिटीचं, म्हणजे हरवलेला डेटा परत काढण्यासाठीचं, गणित नसतं, तोच डेटा दोन्हीकडे लिहायचा असतो. प्रोसेसरला त्याचं ओझं जाणवतही नाही. बॅटरीवर टिकणारा कॅश (वीज गेली तरी न हरवणारी तात्पुरती साठवण) हा कार्डाचा खरा फायदा, तो मान्य. पण कार्ड जळालं तर त्याच जातकुळीचं दुसरं शोधत बसा. एमडीएडीएमने, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या साधनाने, बनवलेला मिरर मात्र कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतो.

बॅकअपचं विधान तर सरळ धोकादायक आहे. चुकीच्या फोल्डरवर ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा चालवली की फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. मिरर हुकूम पाळतो, शहाणपण शिकवत नाही. शिवाय दोन प्रतींमध्ये फरक पडला तर खरी कोणती हे एमडीला (लिनक्समधल्या सॉफ्टवेअर रेडला) कळत नाही. त्याचा ‘चेक’ फरक मोजतो, ‘रिपेअर’ एक प्रत दुसरीवर उतरवतो, मग ती बिघडलेली का असेना. झेडएफएस ही फाइलसिस्टीम चेकसम (डेटा पडताळण्याचा आकडा) ठेवते, म्हणून तिला चांगली प्रत ओळखता येते.

आता ‘आपोआप सुरू होतं’. खरी फजिती इथेच होते. डेटा दोन्हीकडे असतो, पण बूटलोडर (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) बऱ्याचदा पहिल्याच डिस्कवर. जुन्या बायोसवर ग्रब हा बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवला की भागतं. यूईएफआयचं, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरचं, तसं नाही. फर्मवेअरला एमडी समजत नाही, त्याला साधं फॅट पार्टिशन दिसावं लागतं. एमडीच्या स्वतःच्या नोंदी म्हणजे मेटाडेटा; त्याचा 1.2 प्रकार पार्टिशनच्या सुरुवातीपासून 4 केबीवर बसतो आणि फाइलसिस्टीम आणखी पुढे सरकते, त्यामुळे फर्मवेअरला काहीच सापडत नाही. 1.0 प्रकार शेवटी बसतो, म्हणून चालून जातो. पण फर्मवेअरने एकाच बाजूला काही लिहिलं तर दोन प्रती गुपचूप वेगळ्या होतात. मी तरी प्रत्येक डिस्कवर एक अशी दोन स्वतंत्र ईएफआय (बूटच्या फाइलींची) पार्टिशन ठेवून दोन्हींची बूट नोंद करीन. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगळीच मेख आहे: तिथल्या जीमिरर या मिररच्या साधनाचा मेटाडेटा शेवटच्या सेक्टरमध्ये जातो आणि जीपीटीची (पार्टिशनांच्या तक्त्याची) राखीव प्रतही तिथेच असते. म्हणून तिथे अख्ख्या डिस्कऐवजी पार्टिशनांचा मिरर करावा.

आणि डिस्क गेल्याचं कळणार कसं? एमडीची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन ‘यू’ऐवजी एक ‘यू’ आणि एक अधोरेषा दिसते, बस्स. मशीन तर चालूच असतं, मग ती फाइल उघडतो कोण? एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये मेलचा पत्ता घाला आणि मॉनिटरच्या टेस्ट पर्यायाने एक मेल खरंच येतो का ते बघा.

मग मशीन बंद करून एक डिस्क काढा आणि बूट करून पाहा. झालं तर ती परत जोडा, अ‍ॅरेमध्ये (मिररमध्ये) परत घ्या, सिंक पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी काढा. मध्येच घाई केलीत तर हातात उरेल ती अर्धवट, शिळी प्रत.