उजनीवरच्या त्या दुपारबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बोट घेण्याआधी दाखवायला म्हणून मी तुम्हाला उजनीच्या बॅकवॉटरला नेलं. वारा सुटल्यावर बोट पार आडवी व्हायला लागली, वळताना मध्येच थांबली, मग शीड अर्धं गुंडाळलं तेव्हा वेगही गेला, कसंबसं काठाला आणलं, आणि घरी बनवलेली प्लायवुडची बोट कुटुंबाला घेऊन बसण्यासारखी नाही, असं तुम्ही लिहिलंय. वहिनी आणि मुलगा घाबरले याचं मला फार वाईट वाटतं.

त्यात माझी चूक आहे, ती आधी सांगतो. निघताना वारा ताशी २० किलोमीटर होता, म्हणून १२ चौरस मीटरचं शीड मी पूर्ण चढवलं. पण मे महिन्याची दुपार होती आणि पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. शीड काठावरच कमी करायला हवं होतं. रीफ घ्यावा का (म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करावं का), असं मनात आलं की लगेच घ्यायचा, हे मी बोट शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुम्हाला वेग दाखवायच्या नादात मीच ते पाळलं नाही. आणि बोट कलणार आहे, हे तुम्हा तिघांना आधी बसवून सांगितलंही नाही. याबद्दल माफी मागतो.

आता कलण्याचं. पाण्यावरून काळपट पट्टा सरकत आला तो तुम्हीही पाहिलात. त्या झोतात केबिनवरच्या मीटरने ३८ दाखवले. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणजे दोन-चार क्षणांत जोर जवळपास साडेतीन पट झाला. बोट कलली की शीडही तिरकं होतं आणि वारा वरून निसटायला लागतो. इकडे तळाशी पक्कं बसवलेलं २०० किलो वजन तिला सरळ ओढत असतं. शिवाय कललेली बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवते. सुकाणूचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला होता तो त्यामुळेच. मुलाने विचारलं, "काका, सोडलं तर?" तेव्हा मी शिडाची दोरी सैल सोडून दाखवली. शीड फडफडलं आणि बोट सरळ झाली. तो आवाज मोठा असतो, वहिनी त्यालाच जास्त घाबरल्या असं मला वाटतं.

२१ मे २०२४ ला याच जलाशयात, कुगाव आणि कळाशीच्या मधे, वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. करमाळ्याकडचं कुणी ते विसरलेलं नाही. तुमच्या घरच्यांच्या मनातही तेच आलं असणार. म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघितल्याशिवाय बोट सोडली नाही, आणि पहिल्या झोतानंतर पुढे न जाता परत फिरलो.

शीड कमी केल्याने वेग गेला, हे मात्र बरोबर नाही. तुमच्याच मोबाइलवर आधी ताशी ९ किलोमीटर दिसत होते, रीफ घेतल्यावर साडेआठच्या पुढेच. जास्त कललेली बोट पाणी कापण्याऐवजी ढकलत बसते. जोर कमी आणि खाली आला की ती सरळ उभी राहून चालते. शिडावर रीफच्या दोन ओळी, म्हणजे शीड गुंडाळून बांधायच्या जागा, आम्ही आमच्या शेडमध्ये शिवतो. दुसरी ओळ कशाला, पैसे वाचवा, असं गिऱ्हाईक म्हणतात. त्या ओळीशिवाय मी शीड देत नाही.

वळताना बोट थांबली, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे. १९ फुटी हलक्या बोटीचं खरं दुखणं वाऱ्यापेक्षा लाटा हे आहे. लांब उघड्या पाण्यावर वारा आला की आखूड, उभ्या लाटा उठतात. वळताना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक आपटली की हलक्या बोटीची गती संपते आणि ती वाऱ्यात तोंड करून उभी राहते. आधी थोडं वाऱ्यापासून दूर वळून वेग घ्यायचा, दोन लाटांमधली सपाटी बघायची आणि मग दांडा फिरवायचा. दुसऱ्यांदा तसंच केलं तेव्हा ती वळली. पण अंगावर पाणी येणारच. कोरडं राहायचं असेल तर ही बोट घेऊ नका, हे मी दुकानातही सांगतो.

प्लायवुडबद्दल एवढंच, की ते आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय आहे, वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी. शेडमध्ये एक सांगाडा उघडा आहे, कधीही येऊन हात लावून बघा.

तुमची आगाऊ रक्कम आज पूर्ण परत पाठवली आहे, बोट घ्या किंवा घेऊ नका. डिसेंबरमध्ये सकाळी वारा हलका असतो. तेव्हा तिघं या, पैसे नकोत. शीड काठावरच कमी करून ठेवतो. वहिनी म्हणतील तेव्हाच पूर्ण चढवू.