रामेन थांबत नाही

रविवारी भाचीने हट्टाने मला आणि आईला एका नव्या जपानी रेस्टॉरंटमध्ये नेलं. एकाच मेन्यूत रामेनही, म्हणजे सूपमधल्या नूडल्स, आणि सुशीही. नाव विचारू नका, पुढे तक्रारी आहेत.

टोकियोत निशी-कासाईला मी तीन वर्षं काढली. तिथे रामेनचं दुकान वेगळं, सुशीचं वेगळं. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीवाल्यांकडे हल्ली रामेन मिळतं, पण ती म्हणजे उडप्याकडची पावभाजी. खऱ्या रामेनच्या दुकानात बऱ्याचदा दारातच मशीन असतं. पैसे टाकायचे, तिकीट घ्यायचं आणि काउंटरवर बसायचं. दहा मिनिटांत वाडगा रिकामा, खुर्ची मागच्याला मोकळी. गप्पा नाहीत, फक्त सुर्र सुर्र आवाज. किंमत हजार येनच्या वर गेली की लोक कुरकुरतात. थोडक्यात, आपलं मिसळीचं दुकान.

मी हे उगाच म्हणत नाही. रामेनच्या वाडग्यात सगळ्यात आधी पडतो तो 'तारे'. सोया सॉस, मीठ किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचा दाट, खारट अर्क, दोन-तीन चमचे. त्यावर उकळतं सूप, मग वासाचं तेल, मग नूडल्स. मिसळीत तर्री, रामेनमध्ये तारे! दोन्ही शब्दांचा संबंध शून्य, पण काम भावाभावांसारखं. नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात त्या 'कान्सुई' नावाच्या खारामुळे, म्हणजे पापडखाराचाच भाऊबंद. तरीसुद्धा गरम सूपमध्ये पडल्यापासून त्या फुगायला लागतात. तुमच्यासाठी थांबत नाहीत. मिसळीवरचं फरसाण थांबतं का?

आता रविवारचं ऐका. मंद दिवे, गुळगुळीत लाकूड, भिंतीवर लाटा. रामेन आलं आणि वेटर म्हणाला, "सर, सुशी दोन मिनिटांत येतेय, एकत्रच सुरू करा." भाचीला फोटोत दोन्ही हवं होतं. दोन मिनिटांची बारा झाली. मी आपला वाडग्यावरची वाफ विरताना बघत बसलो. शेवटी फोटो झाला, पहिला घास घेतला, तर नूडल्स पार गळलेल्या. चूक स्वयंपाकघराची नव्हती बरं का. सूप उत्तम होतं. भाचीचं मशरूम आणि कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं शाकाहारी रामेन तर मला मनापासून आवडलं. तिकडे माझ्या शाकाहारी मित्रांचे काय हाल व्हायचे! ज्यात-त्यात माशाची दाशी, म्हणजे सूपसाठी काढलेला अर्क. बिचारे टोकियो स्टेशनातल्या टीज तानतान नावाच्या दुकानात जाऊन मांसाहार नसलेलं रामेन खायचे.

सुशीचं मात्र स्वयंपाकघरच चुकलं. सुशी म्हणजे कच्चा मासा, असं लोकांना वाटतं. सुशी म्हणजे खरं तर व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला भात, आणि तो अंगाइतका कोमट हवा. इथे तो फ्रिजमधून आलेला. आई रत्नागिरीची. तिने एक तुकडा हाताने उचलला (वेटर चॉपस्टिक घेऊन धावला, अहो, हाताने खाल्लेलं जपानातही चालतं), चावला आणि निकाल दिला, "मासा बरा आहे, भात कालचा आहे." भाची म्हणाली, "आजी, सॅमन आहे, एकदम ऑथेंटिक." मी गप्प बसलो. कच्चा सॅमन जपान्यांच्या सुशीत रुळला तो नॉर्वेवाल्यांनी 1980 च्या दशकात खटपट केली म्हणून, हे रविवारी जेवताना कुणाला सांगायचं?

वाडगा दोन्ही हातांनी उचलून आईने उरलेलं सूप तोंडाला लावलं. शेजारच्या टेबलावरची दोघं बघायला लागली. मी वेटरला विचारलं, 'काएदामा' मिळेल का? जपानात फुकुओका शहरातल्या हाकाताकडे सूप उरलं की नुसत्या नूडल्स परत मागवतात, आपण जादा पाव मागवतो तसं. तो मॅनेजरला विचारून आला. म्हणाला, "सर, दुसरं रामेन घ्यावं लागेल, साडेआठशे."

पुढच्या वेळी मी एकटा जाणार आहे, काउंटरवर बसणार आहे, आणि सुशी मागवणार नाही.